आईनं दिलं तरच

सोमवारी सकाळी लुम्काच्या कागदावर मला माझ्याच घराचा नंबर दिसला. मी काही मुद्दाम डोकावले नव्हते. आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे एक जुना जहाजी कंटेनर, त्यात आम्ही अकरा बायका, दोन बाकं आणि एक किटली. तिथं एकीच्या कागदावर दुसरीची नजर पडणारच. आठवड्याची नवी घरं नुकतीच वाटून झाली होती. मला चार आली होती, लुम्काला तीन. तिच्या कागदावर तिसऱ्या ओळीत आमची गल्ली होती, आमचा नंबर होता, आडनाव आमचं होतं आणि नाव असिवे, म्हणजे माझी मुलगी. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं : पहिलं मूल, दहा आठवडे, आईला जड जातंय. ज्या मुलाविषयी हे लिहिलं होतं ते त्या क्षणी माझ्या पाठीला बांधलेलं होतं आणि माझ्या मानेवर गरम श्वास सोडत झोपलं होतं. तेरा वर्षं मी ते शेवटचे तीन शब्द दुसऱ्या बायकांच्या नावापुढं वाचत आले, स्वतःच्या हातानं लिहीत आले, आणि मला ते कधी लागले नाहीत. त्या दिवशी लागले. लुम्कानं कागद दुमडून पिशवीत टाकला आणि खाली मान घालून म्हणाली, “मला काही विचारू नका, माबेले.” माबेले हे माझ्या कुळाचं नाव. झोलेका म्हणून मला हाक मारायची या कंटेनरमध्ये फक्त नोमोंडेची छाती आहे, कारण ती आमची मुख्य आहे. आणि नोमोंडे तेव्हा किटलीत पाणी भरण्यात फारच गुंतली होती.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या घरात मूल होतं आणि आईला ते पेलत नाही. ती दारू पिते असं नाही, मारते असंही नाही; नुसती बसून राहते, किंवा मूल रडलं की तिला पळून जावंसं वाटतं, किंवा तिचं दूध आटतं आणि ती कुणाला सांगत नाही. अशा घरी, गोष्ट हाताबाहेर जायच्या आधी, म्हणजे मूल दवाखान्यात पोचायच्या आधी आणि सरकारी बाई गाडी घेऊन दारात उभी राहायच्या आधी, आम्ही जातो. शहराच्या कडेच्या खायेलित्शा वस्तीत, आमच्या भागात, लोक आम्हाला नोम्पिलो म्हणतात, म्हणजे आरोग्याची बाई. आमच्याकडं औषध नाही, पैसे नाहीत, पिठाची पिशवी नाही. झोळीचा वजनकाटा आहे आणि तीन नियम आहेत, ते नोमोंडेनं कंटेनरच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलेत. फाटकाशी थांबून हाक मारायची, या म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. ती बसवेल तिथं बसायचं, पण तिच्यापेक्षा उंच नाही. आणि बाळ आईनं दिलं तरच घ्यायचं. पहिले दोन कुणालाही जमतात. तिसरा पाळताना हात शिवशिवतात. मूल रडत असतं, आई भांबावलेली असते, आणि आपल्या हातांना तर सगळं ठाऊक असतं. पण तुम्ही ते घेतलंत आणि ते गप्प झालं, की आईला कळून चुकतं की हिला जमतं ते मला जमत नाही, आणि तिथंच तुम्ही तिला बुडवलंत. हे मी लुम्काला शिकवलं. तिच्यासारख्या आणखी सात-आठ जणींना शिकवलं. माझी स्वतःची एक खूणही आहे, ती संस्थेची नाही. पहिल्या भेटींत आया आपलं बाळ आमच्या अंगावर जवळजवळ टाकतात. मग काही महिने गेल्यावर मी एकदा मुद्दाम विचारते, घेऊ का त्याला थोडा वेळ? आणि जी म्हणते, नको, राहू दे माझ्याकडं, तिच्या नावावर मी त्या दिवशी काट मारते. तिला आता माझी गरज उरलेली नसते. तेरा वर्षांत ही खूण एकदाही चुकलेली नाही.

तर अशी मी, आणि माझ्या घरी आता लुम्का येणार. कंटेनरमधून बाहेर पडले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. वारा सुटला होता, वाळू दातांखाली येत होती. टॉवेलाचं टोक ओढून मी पाठीवरच्या लुबाबालोचा, माझ्या नातवाचा, चेहरा झाकला आणि माझी घरं सोडून तडक आमच्या गल्लीकडं वळले. नाव कुणी दिलं असेल याचा मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या पत्र्याला लागून माटोलोचं घर आहे. ती दिवसभर आपल्या फाटकाशी रंगाच्या उलट्या डब्यावर बसून मेंढ्यांची डोकी भाजते, आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे तिला हातातल्या लाल सळईवरची नजर न हलवता दिसतं. मी तिला जे बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. तिच्या तिन्ही मुलांचा उद्धार केला, गेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांची फुकटात करमणूक झाली. माटोलोनं मला पुरतं संपू दिलं, सळई निखाऱ्यांत परत खोचली आणि मग म्हणाली, “महिना झाला, ते पोर मी तुझ्या पाठीवरून खाली उतरलेलं पाहिलं नाही, माबेले. पण मला सांगायचंच असतं तर मी ऑफिसात कशाला गेले असते? तुझ्या तोंडावर सांगितलं असतं. मी काय तुला भिते?” गिऱ्हाइकं हसली. ती बाई मला आवडत नाही, पण ती खोटं बोलत नाही हेही मला माहीत होतं, आणि त्यामुळं राग आणखीच वाढला.

घरात असिवे पलंगावर होती, भिंतीकडं तोंड करून. मी तिला काही विचारलं नाही. नाव घरातूनच गेलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पाठीवरचं मूल सोडलं, तिच्या कुशीत ठेवलं, दहा मिनिटं पाजू दिलं, परत उचललं. या दहा मिनिटांत आम्ही एक शब्द बोललो नाही, पण तसं तर आम्ही कितीतरी दिवस बोललो नव्हतो आणि मी त्याला शांतता म्हणत होते. लोकांना वाटेल मी काही दुष्टपणा केला. मी काय केलं ते ऐका. लुबाबालो झाला तेव्हा रीतीप्रमाणे दहा दिवस असिवेला खोलीबाहेर येऊ दिलं नाही. पडदे ओढले, बाहेरचं माणूस आत घेतलं नाही, तिला मक्याची पातळ पेज आणि गरम चहा हातात दिला. नाळ पडेपर्यंत बाळाला मीच न्हाऊ घातलं, कारण ते आजीचंच काम. त्याचा बाप मासेमारीच्या बोटीवर असतो. त्याची माणसं येऊन पोर आमचं म्हणून कबूल करून गेली आणि पुढचं लग्नाचं बोलणं रखडलं, म्हणजे तिकडून दुसरी आजी येणार नव्हती. अकराव्या दिवशी मी पडदे उघडले, पण काम काही सोडलं नाही. कोण सोडतं? त्याची मान कशी धरायची ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. तिच्या हातात तो ताठ व्हायचा, लालबुंद होऊन ओरडायचा, आणि माझ्याकडं आला की गप्प. सहा आठवड्यांनी माझी रजा संपली तेव्हा मी त्याला फेरीवर बरोबर न्यायला लागले. टॉवेल, त्यावर पातळ चादर, आणि छातीवर दोन मोठ्या पिना. साडेनऊला घरी आणून असिवेकडं द्यायचा, पाजून झालं की परत पाठीवर, मग एक वाजता पुन्हा. अगदी घड्याळ लावून. कंटेनरमधल्या बायका त्याच्या पायांचे मुके घेत आणि त्यापलीकडं काही बोलत नसत. माबेलेला कोण शिकवणार?

दर शुक्रवारी मी माझाच काटा दाराच्या चौकटीला टांगून त्याचं वजन करत होते. सहाव्या आठवड्यात चार किलो दोनशे. सातव्यात चार किलो दोनशे. आठव्यात काटा बिघडलाय असं ठरवून मी तो बदलून आणला. नव्या काट्यानंही चार किलो दोनशेच दाखवलं. क्लिनिकच्या पुस्तकात वाढीची रेघ असते, ती सहाव्या आठवड्यानंतर मी पुढं काढलीच नाही. दुसऱ्या कुठल्या घरात ते पुस्तक माझ्या हाती आलं असतं तर मी त्या घरातल्या आजीला अंगणात बोलावून चार शब्द सुनावले असते, की बाई, मूल भूक लागली की पितं, घड्याळ बघून पीत नाही, आणि सारखं तुझ्या पाठीवर असलं तर त्याच्या आईच्या छातीत दूध कशाला येईल? मला हे सगळं पाठ होतं. इथं ती आजी मीच होते आणि मला अंगणात बोलावणारं कुणी नव्हतं.

बुधवारी शहरात दिवसभराचं प्रशिक्षण होतं. तिथं मूल चालत नाही, म्हणून नाइलाजानं त्याला असिवेकडं ठेवून मी टॅक्सीत बसले. सबंध रस्ताभर पाठ गार पडल्यासारखी वाटत होती. मागच्या बाईची पिशवी माझ्या पाठीला लागली तर मी दचकून हात मागं नेला. टॅक्सी रॉन्डबॉशच्या श्रीमंत वस्तीतल्या मोठमोठ्या झाडांखालून गेली. त्या झाडांतल्या एका गल्लीत मी साडेसहा वर्षं काढली आहेत. तिथल्या मॅडमच्या ज्युलीला मी अशीच पाठीवर बांधून फरशी पुसत असे, मॅडम हसून फोटो काढत असे. ज्युलीचं पहिलं पाऊल मी पाहिलं. असिवेचं पहिलं पाऊल मला गावच्या दुकानातल्या फोनवर कळलं, आणि मागं कुणीतरी लाइन सोडा म्हणून ओरडत होतं. असिवे चार महिन्यांची असताना तिला उम्टाटाच्या पलीकडं माझ्या आईजवळ, तिच्या माखुलुजवळ, सोडून मी इकडं आले होते. निघताना छाती फडक्यानं घट्ट बांधली होती. तरी बसमध्ये दूध कापडातून बाहेर आलं. शेजारी एक पाद्री बसला होता. उरलेले चौदा तास मी अंगाभोवती ब्लँकेट आवळून धरलं आणि त्याच्या बायबलच्या गप्पांना मान हलवत राहिले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे. त्या बसमध्ये माझ्यासारख्या आणखी पाच तरी असतील. सहा वर्षांनी माझी आई गेली आणि असिवे पिवळा झगा घालून एका नातेवाइकाच्या हाताला धरून बसमधून उतरली. गाल असे की बघत राहावं. मला म्हणाली, “मोलो, सिसी.” नमस्कार, ताई. आई हा शब्द तिनं माखुलुला दिलेला होता. वर्षभर ती मला सिसी म्हणत होती आणि मी ओ देत होते.

त्याच वर्षी संस्थेला बायका हव्या होत्या. त्यांची निवडायची पद्धत अशी की शिक्षण विचारायचं नाही, मुलं बघायची. एकाच गल्लीत, एकाच नळावर, तेवढ्याच तुटपुंज्या मिळकतीत कुणाची तरी मुलं टवटवीत असतात; त्या आईला काहीतरी जमलेलं असणार, तीच दुसरीला शिकवेल. पद्धत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. चर्चच्या हॉलमध्ये आम्हाला मुलांसकट उभं केलं. असिवेसारखे गाल सबंध हॉलमध्ये नव्हते. संस्थेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, हिला काय काय दिलंत तुम्ही? आणि मी सांगितलं. अमासीचं घट्ट आंबट दूध, भोपळा, मक्याबरोबर शिजवलेली कडधान्यं, आणि संध्याकाळी मांडीवर घेऊन गोष्ट. माझ्या आईचं सगळं मी माझं म्हणून सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढं प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं, आजही सांगतात. त्या बुधवारीही माझ्यासमोर सांगितलं आणि नव्या पोरी माझ्याकडं वळून बघायला लागल्या. त्या दिवशी हॉलमध्ये असिवे माझा हात धरून ऐकत होती. ती काही बोलली नाही. तेरा वर्षं बोलली नाही. मी धरून चालले होते की ती विसरली असेल.

गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळपासून दारात उभी राहिले, पाठीवर लुबाबालो, पिना लावलेल्या. लुम्का दहाला आली. फाटकाशी थांबली, खांद्यावरची काट्याची पिशवी सावरली आणि हाक मारली, मी शिकवली तशी, घराच्या नावानं, न ओरडता. मग म्हणाली, “मी असिवेला भेटायला आलेय. आत येऊ?” मी म्हटलं, नको. या घरात सगळं ठीक आहे, तुझा वेळ दुसरीकडं लाव. तिचा चेहरा पडला नाही. “बरं,” ती म्हणाली, “मग मंगळवारी परत विचारायला येते.” हेही मीच शिकवलेलं. नाही म्हटलं की वाद घालायचा नाही, पुन्हा यायचा दिवस सांगायचा आणि निघायचं, तीन वेळा. पोरगी पाठ फिरवून निघाली सुद्धा, आणि मला तिचा इतका राग आला आणि तिचं इतकं कौतुक वाटलं की दोन्हीमध्ये मला काही सुचेना. पलीकडं माटोलोची सळई चरचरत होती. तेवढ्यात माझ्या मागून, घरातून, आवाज आला. “तिला येऊ दे. मी बोलावलंय.” असिवे पलंगावर उठून बसली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, आणि नजर सरळ माझ्यावर. लुम्काचा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर होता, अडचण आली तर फोन करा म्हणून. तो कागद मीच चिकटवला होता. गेल्या आठवड्यात तिनं त्या नंबरावर मिस्ड कॉल दिला होता.

मी लुम्काला खुर्ची दाखवली. असिवेनं हातानं पलंगाजवळची उलटी टोपली दाखवली, आणि लुम्का टोपलीवर बसली. पहिला प्रश्न मला माहीत होता. चुका कधीच आधी विचारायच्या नसतात. “या आठवड्यात काय बरं झालं?” हा प्रश्न मी हजारो वेळा विचारला असेल. नंतरची शांतता किती लांब असते ते मला त्या दिवशी दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर कळलं. मधे बोलून ती मोडावी म्हणून माझी जीभ वळवळत होती. शेवटी असिवे म्हणाली, “काल. काल आई शहरात गेली होती. तो दिवसभर माझ्याकडं होता. खूप रडला. मग मीपण रडले. मग कधीतरी आम्ही दोघं झोपलो आणि जाग आली तेव्हा तो आपला आपण छाती शोधत होता. मी घड्याळ बघितलंच नाही.” लुम्कानं ते लिहिलं. मग कागदावरचा पुढचा प्रश्न : तू लहान असताना तुला कुणी सांभाळलं? “माझ्या माखुलुनं,” असिवे म्हणाली. “आई इथं कामाला होती. मी सहा वर्षांची झाल्यावर आले.” लुम्काचं पेन थांबलं. असिवेच्या गालांची गोष्ट तिनं ऐकलेली होती, एकदा नाही, चार वेळा.

माझ्या अंगातून काहीतरी सरसरत वर गेलं आणि मला आश्चर्य वाटलं की ती शरम नव्हती. मला भांडायचं होतं. तेरा वर्षं जी गोष्ट उघडी पडेल म्हणून मी दबकत होते ती पडली होती, आणि छप्पर जागेवर होतं. “थांबलीस का? लिही,” मी म्हटलं. “लिही की झोलेकानं स्वतःचं मूल वाढवलं नाही. दुसऱ्याचं वाढवलं, त्याचा पगार घेतला. आणि हेही लिही की तेरा वर्षांत माझ्या घरांतलं एक मूल दगावलेलं नाही. ते कुणाच्या गालांवर नाही जमलं, माझ्या पायांवर जमलंय.” मी आणखी बरंच बोलणार होते. असिवे म्हणाली, “आई, हे तुझ्याविषयी नाहीये.” मोठ्यानं नाही, नेहमीसारखं. लुम्कानं टोपलीवरून खाली बघितलं. 

मग लुम्कानं काटा चौकटीच्या त्याच खिळ्याला टांगला. झोळी खाली सोडली. ती माझ्या पाठीकडं एकदाही बघत नव्हती, नियमच तसा आहे. ती असिवेला म्हणाली, बाळाला झोळीत ठेवतेस का? असिवे उठली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. बाळ असं बांधतात की पिना पुढं येतात, बांधणारीच्या छातीवर. मागून कुणी कितीही ओढलं तरी ते निघत नाही. गर्दीत, बाजारात कुणी हात घालू नये म्हणूनच ती पद्धत. म्हणजे आता मी उघडलं तरच. मला तिच्या हातांची ऊब माझ्या कमरेजवळ जाणवत होती, टॉवेलाच्या बाहेर, त्याच्या पायांशी थांबलेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, “मला जमणार नाही असं तुला वाटतं ना? नाही जमलं तर नाही जमलं. पण निदान माझ्या हातून तरी बिघडू दे.” आणि मला त्या बसमधलं ओलं फडकं आठवलं, आणि पहिल्यांदा हे कळलं की माझ्या आईनं मला कधी असं अडवलं नव्हतं, मीच निघून गेले होते. मला जे करायला मिळालं नाही ते मी हिच्याकडून काढून घेऊन करत होते, आणि त्याला मदत म्हणत होते. हे कळून बरं वगैरे काही वाटलं नाही. जीव नुसता तडफडला. मी पहिली पिन उघडली. दुसरी उघडायला वेळ लागला. टॉवेल सैल झाला, वजन पाठीवरून खाली घसरलं आणि दुसऱ्या हातांत गेलं. घामानं ओला झगा माझ्या पाठीला गार चिकटून राहिला. तो रडायला लागला, ताठ होऊन, लाल होऊन, नेहमीसारखा. माझे हात आपोआप पुढं गेले. असिवेनं खांदा वळवून त्याला माझ्यापासून आडोशाला घेतलं. मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. असिवेनं त्याला झोळीत ठेवलं. चार किलो दोनशे. लुम्कानं पुस्तकात चार आठवड्यांची रेघ काढली, सरळ, आडवी. मी काढली नव्हती ती रेघ काढायला तिला एक क्षण लागला. मग तिनं असिवेला जे सांगितलं ते माझंच होतं, शब्दन्‌शब्द : घड्याळ काढून ठेव, तो तुझ्या अंगाला लागून राहू दे, मागेल तेव्हा पाज, मी मंगळवारी येते. मी उठून चहा केला. पाहुणीला चहा देणं हे घरातल्यांचं काम असतं, आणि आज मी घरातली होते.

शुक्रवारी मी नोमोंडेला कंटेनरच्या मागं गाठलं आणि हॉलमधलं सगळं सांगून टाकलं, लुम्कानं सांगायच्या आधी. नोमोंडेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे आता वर कळवावं लागेल, निर्णय त्यांचा. तिचा आवाज थंड होता आणि त्यात तिची चूक नव्हती. “कळव,” मी म्हटलं. “पण सोमवारी मी माझ्या चारही घरी जाणार. तुम्ही ठरवेपर्यंत जाणार, ठरवल्यावरही जाणार. किल्ली काढून घ्या हवी तर. फाटकाशी उभं राहून हाक मारायला कंटेनरची किल्ली लागत नाही.” ती हसली नाही. अजून काही ठरलेलं नाही. वर माणसं आहेत, ती बैठका घेतात.

घरात मला काही देवपण आलं असं समजू नका. असिवे लंगोटांची घडी उलटी घालते. भर दुपारी आंघोळ घालते. आडवी पडून पाजते आणि तशीच झोपते, आणि मी पडद्याआडून बघत राहते की नाक दबलं नाही ना. दोनदा मी बोलले, दोनदा कडाक्याचं भांडण झालं, एकदा तिनं माझ्यावर चमचा फेकला. पहाटे तो रडला की मी जागी होते आणि हात मांड्यांखाली घालून पडून राहते. माझी पाठ दिवसभर कसली तरी वाट बघत असते, पाठीला सांगून कळत नाही. दुसऱ्या मंगळवारी लुम्काच्या काट्यानं चार किलो तीनशे दाखवलं. तिसऱ्या मंगळवारी चार किलो सहाशे. मी दोन्ही वेळा नळावर होते, कारण असिवेनं सांगितलं होतं की ती येते तेव्हा तू नसलीस तर बरं. मला हे लागलं, आणि मी गेले. पाणी भरून झाल्यावरही नळावरच उभी राहिले.

काल सकाळी कामावर निघाले तेव्हा असिवे पायरीवर उन्हात बसली होती. तिनं त्याला आपल्या पाठीवर बांधलं होतं. वाकडं बांधलं होतं, एकच पिन, टॉवेल एका बाजूला ओघळलेला, त्याचं डोकं काखेकडं झुकलेलं. तो जागा होता आणि माटोलोच्या धुराकडं बघत होता. गालांवर आता कुठं थोडं काहीतरी दिसायला लागलं होतं. मला खरंच तो हवा होता, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, फक्त कोपऱ्यापर्यंत. परीक्षा घ्यायची म्हणून नाही. शब्द तोंडातून गेले आणि मगच मला ऐकू आले. “घेऊ का त्याला थोडा वेळ?”

असिवे चहात पाव बुडवत होती. तिनं मान वर केली नाही. “नको,” ती म्हणाली. “राहू दे माझ्याकडं.”

मी तिथं जरा उभी राहिले. लुम्काच्या कागदावर त्या नावावर काट मारायचा हक्क माझा नाही. तिचा दिवस आला की ती मारेल. मी फाटकाबाहेर आले आणि ते ओढून घेतलं. माटोलो हातात सळई धरून माझ्याकडं बघत होती, तिची दोन गिऱ्हाइकंही बघत होती. “काय बघतेस?” मी ओरडले. “जा, सांग सगळ्या गल्लीला. माझ्या घरात मला नको म्हटलं.”